दही-साखर आणि दुसरी काचपट्टी

गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी सकाळी धारवाडच्या एका दवाखान्यात माझ्या थोरल्या भावाच्या गालातल्या पेशींचा नमुना दोनदा घ्यावा लागला.

अण्णाचं हुबळीत कोप्पीकर रोडवर कापडाचं दुकान आहे. डाव्या गालात तंबाखू धरायची त्याची जुनी सवय. तिथेच पांढरा डाग उठला. तो कर्करोगाचा आहे का, एवढंच कळायचं होतं. घरात हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. वहिनी नुसतं ‘ते’ म्हणायची.

डॉक्टरबाईंनी अण्णाला चुळा भरायला लावून बाहेर बसवलं. वहिनीने पिशवीतून स्टीलची डबी काढली.

“अहो, हात पुढे करा.”

“आत्ता? आत बोलावतील.”

“म्हणूनच. परीक्षेला जाताना दही-साखर घेत होता ना?”

“घेत होतो. निकाल तुला माहीत आहे.”

तरी त्याने हात पुढे केला. घास गिळतो तेवढ्यात हाक आली.

बाईंनी लाकडी पट्टीने डाग खरवडला, आलेलं काचपट्टीवर पसरलं आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या.

“मोसरु तिंदीरेन्री?”

दही खाल्लंत का, असा कानडीत प्रश्न होता. अण्णाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने पंख्याकडे.

“साखरपण होती,” तो म्हणाला.

बाई हसू लागल्या. वहिनीही तोंडावर पदर घेऊन हसली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसत होती.

दह्याने बऱ्याच पेशी झाकल्या होत्या. उरलेल्या एकावर एक चढल्या होत्या. बाईंनी पुन्हा चुळा भरायला लावल्या आणि या वेळी बारीक ब्रश घेतला. तो डागावर गोल फिरवून त्याचं टोक तोडलं आणि औषधी पाण्याच्या बाटलीत टाकलं. ती बाटली प्रयोगशाळेत जाणार होती. तिथे पेशी धुऊन त्यांचा पातळ, एकसारखा थर काचेवर बसवतात.

निकालाच्या दिवशी बाईंनी दोन्ही काचपट्ट्या अण्णाला दाखवल्या. त्याने बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“ही पहिली म्हणजे बांधलेला गठ्ठा,” तो म्हणाला. “दुसरी म्हणजे उलगडलेलं ठाण. दोष असता तर दिसला असता.”

“नाही दिसला,” बाई म्हणाल्या. “पण तंबाखू बंद. आणि डाग राहिला, तर तुकडा काढून तपासायचा.”

वहिनीने डबीला हात घातला.

“अक्का, आता चालेल,” बाई म्हणाल्या.

त्या दिवशी दही-साखर बाईंसह आम्ही चौघांनी खाल्ली. अण्णाने तंबाखूची पुडी दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. उन्हाळ्यातल्या तपासणीत डाग गेलेला होता. वहिनीने डबी तपासणी झाल्यावर उघडली.