बदलीचे साहेब आणि इने मावशी

माझी आई नदीत बुडाली नाही, पण गेली नदीमुळेच. आमचं तोचिहारा गाव अकाने नदीच्या या काठाला आणि डॉक्टर, बाजार, कचेरी सगळं त्या काठाच्या शहरात. मधे दोराला धरून चालणारी एक नाव. वसंतात डोंगरावरचं बर्फ वितळलं की नदी अंगावर धावून यायची आणि नाव आठ-आठ दिवस खुंट्याला बांधून ठेवावी लागायची. आई बाळंतपणात अडली ती नेमकी तेव्हा. डॉक्टर पैलतीरावर येऊन उभे राहिले होते, त्यांची छत्री इकडून दिसत होती, असं लोक सांगतात. उजेड होता तोवर ते थांबले आणि मग परत गेले. आई गेली, पोटातलं बाळही गेलं. मी चार वर्षांची होते. मला एवढंच आठवतं की आईची थोरली बहीण, इने मावशी, काठाकाठाने भराभरा चालत होती, वळत होती, पुन्हा चालत होती, आणि तिला कोणी अडवत नव्हतं.

मावशी विधवा होती. नवरा लाकडाच्या वखारीत अपघाताने गेला, मूलबाळ नव्हतं. आता ती मला सांभाळील असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पण शरद ऋतूत देवळाच्या पुजाऱ्यांच्या ओळखीने तिने शहरात आमच्या प्रांताच्या गव्हर्नर साहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाकाचं काम धरलं. आजी चिडली. घरची पोर टाकून परक्यांची ताटं मांडायला चाललीस, म्हणाली. मावशी गाठोडं बांधता बांधता म्हणाली, "पूल बांधायचा हुकूम ज्याच्या हातात आहे तो त्या घरात जेवतो. त्याच्या ताटाजवळ आपलं कोणीतरी नको का?"

वर्षभरात काम होईल आणि परत येऊ, असा तिचा हिशेब होता.

त्या काळात गव्हर्नर आमच्यातले नसायचेच. टोकियोचं गृहखातं पाठवायचं. सरकारी परीक्षा पास झालेले, गोरेपान, काळ्या कोटातले साहेब गाडीतून उतरायचे. त्यांची बोली आम्हाला निम्मी कळायची आणि आमची त्यांना तेवढीही नाही. टोकियोत मंत्रिमंडळ पडलं की इकडे बंगल्यात ट्रंका बांधल्या जायच्या. एका पक्षाचे साहेब गेले की दुसऱ्या पक्षाचे यायचे. काहींच्या बायका पडदेसुद्धा लावायच्या नाहीत, काढायचेच तर आहेत म्हणून. मावशी म्हणायची, एकाला किती खारट सूप लागतं हे हाताला कळेपर्यंत दुसऱ्याची जीभ समोर येते.

तिची रीत ठरलेली होती. आधी साहेबांची जेवणाची आवड ओळखायची. मग ते कधी नरम पडतात ते ओळखायचं. कोणी आंघोळीनंतर, कोणी घरून पत्र आल्यावर. मग चहा ठेवता ठेवता नदीचा विषय काढायचा. बहुतेकजण ऐकून घ्यायचे आणि "बघू" म्हणायचे. एक साहेब भडकले, स्वयंपाकघरातल्या माणसांनी नद्यांवर बोलू नये म्हणाले आणि तिला कपडे धुवायला लावलं. त्यांची बदली होईपर्यंत ती विहिरीवर होती. नवे साहेब आले तशी ती न विचारता पुन्हा चुलीपुढे येऊन उभी राहिली.

मोरिवाकी म्हणून एक साहेब मात्र वेगळे निघाले. ते ऐकून थांबले नाहीत, स्वतः नदीवर आले, नावेत बसले, भिजले. पंधरवड्यात मोजणीचे लोक आले आणि दोन्ही काठांना लाल फडकी बांधलेल्या मेखा ठोकल्या गेल्या. गावाने सणाला करतात तसा लाल चवळी घातलेला भात केला. मी तेव्हा शाळेत जात होते. मावशी गावी आली आणि एका मेखेपासून दुसऱ्या मेखेपर्यंत अशी धावली की आजोबा हसत सुटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तार आली. मोरिवाकी साहेबांची पार दक्षिणेकडे बदली झाली होती. ते स्वतः स्वयंपाकघराच्या दारात येऊन मावशीची क्षमा मागून गेले. ती त्यांच्या ट्रंकेला दोर आवळत राहिली. नवे साहेब दुसऱ्या पक्षाचे. आधीच्यांची सगळी कामं तपासून बघू म्हणाले. तपासणी झाली की नाही, ठाऊक नाही. मेखा कुजल्या, उरलेल्या कोणीतरी आंघोळीच्या पाण्याखाली जाळल्या.

मग लढाई आली. देवळाची घंटासुद्धा तोफा ओतायला लोखंडाबरोबर गोळा करून नेली. पुलाचं नाव काढायची सोय उरली नाही. मावशी पन्नाशीकडे आली तरी तिथेच होती. सुट्टीला गावी यायची, पण आली की दुसऱ्या दिवशीच परत जायची घाई. आपण इथे असताना तिकडे कोणी नवा उतरला तर, ही धास्ती. माझ्यासाठी सुकवलेली तेंडूफळं आणायची, ती हातात द्यायची आणि माझ्या डोक्यावरून नदीकडे बघायची. लहानपणी मला तिचा राग यायचा. मोठी झाल्यावर राग गेला, पण ती शेजारी असली की मलाही चैन पडेनासं व्हायचं.

लढाई हरल्यावर जुने साहेब काढून टाकले गेले आणि काटागिरी सोनोसुके आले. हडकुळा माणूस. जे असेल ते जेवायचे, आणि आपला वाडगा स्वतः विसळायचे, त्यामुळे मावशी अवघडून जायची. हिवाळ्यात एक दिवस त्यांनी बंगल्यावरच्या सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, यापुढे गव्हर्नर मतदानाने निवडला जाईल. मावशीला नीट उमगेना.

"म्हणजे टोकियोने कोणाला पाठवायचं ते आम्ही सांगायचं, होय साहेब?"

"टोकियो कोणालाच पाठवणार नाही, इनेबाई."

त्या दिवशी तिने भात दोनदा करपवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

काटागिरींनी राजीनामा दिला आणि ते स्वतःच निवडणुकीला उभे राहिले. त्यांच्यासमोर उभा होता ओदाजिमा हेइझो, आमच्या शेजारच्या गावचा, शेतकरी संघाचा पुढारी. आवाज नगाऱ्यासारखा. लहानपणी त्याने मावशीला भातखाचरात ढकललं होतं, आणि नावेचा ठेका त्याच्याच चुलतभावाकडे होता. बाजारात त्याने तिला सगळ्यांदेखत गाठलं.

"इनेबाई, इतकी वर्षं परक्यांना जेवू घातलंत. आता जरा घरच्या माणसाला वाढा."

"घरच्या माणसाने आधी भावाला नावेचा ठेका सोडायला लावावं, मग पानावर बसावं," मावशी म्हणाली. मासेवाल्या बायका खो-खो हसल्या. हेइझोही हसला, त्याला हसता येत असे.

काटागिरींनी तिला फक्त एवढंच विचारलं की नदीकाठच्या गावांत माझ्याबरोबर याल का. ती गेली. मी तेव्हा तोचिहाऱ्याच्या शाळेत शिकवत होते. सभा आमच्याच शाळेत भरली. अंगणाच्या कोपऱ्यात मळकं बर्फ अजून होतं. लोक गुडघे मुडपून ओळीने बसले आणि टोकियोच्या साहेबांपुढे लोक मान खाली घालतात तशी मान घालून ऐकत राहिले. काटागिरींनी पुलाबद्दल सांगितलं. आजवरचे गव्हर्नर वाईट नव्हते, पण ते इथे टिकत नव्हते, म्हणाले. मग म्हणाले, "आता माझी बदली कोणी करू शकत नाही. करायची झाली तर ती तुम्हीच कराल."

सभेत कुजबूज झाली. हे वाक्य लोकांना आवडलं होतं. तेवढ्यात मागे, दाराशी चपलांजवळ बसलेली मावशी उठली.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा ना."

"हरलात तर इथे राहाल?"

काटागिरींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सरपंच काहीतरी बोलायला उठणार होते, त्यांना काटागिरींनी हातानेच थांबवलं.

"नाही, इनेबाई. माझी मुलं टोकियोत आहेत. हरलो तर परत जाईन."

कोणीतरी खोकलं. सरपंचांनी घाईघाईने टाळ्या सुरू केल्या आणि सभा संपली.

नावेकडे जाताना मावशी पुढे धावत होती, थांबत होती, मागे येत होती. माझ्या कोटाची बाही धरून म्हणाली, "मी त्यांचं वाटोळं केलं का गं, मित्सुए?" मी म्हटलं, सगळ्यांच्या मनात होतं तेच तू विचारलंस. "सगळ्यांनी नाही विचारलं. मी विचारलं. त्यांच्या घरचं मीठ खाऊन." नावेत काटागिरी तिच्या समोरच बसले होते. ती वाकून क्षमा मागायला लागली तसं त्यांनी सांगितलं, की प्रश्न बरोबर होता, फक्त उत्तर आपल्याला स्वतःला आधी ठाऊक असायला हवं होतं.

मतपत्रिकेवर नाव हाताने लिहायचं होतं. मावशीने फळ्यावर लिहावं तसं मोठं आणि सावकाश लिहिलं असावं, कारण आतून यायला तिला फार वेळ लागला. ओदाजिमा हेइझो निवडून आला. गावात रात्रभर ढोल वाजले. आपण मत कोणाला दिलं ते मावशीने कोणालाच सांगितलं नाही. मला तिने पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं.

"काटागिरींना दिलं. खोटं बोलले असते तर हेइझोला दिलं असतं."

पूर्वी गव्हर्नर जायचे तेव्हा शाळेची मुलं रांगेने स्टेशनवर उभी केली जायची. काटागिरी गेले तेव्हा मावशी, त्यांचा जुना कारकून आणि मी, एवढेच होतो. मावशीने भाताचे गोळे आणि मुळ्याचं लोणचं बांधून दिलं होतं. गाडी हलली, ते खिडकीतून वाकले, आणि मावशी फलाटाच्या टोकापर्यंत गाडीबरोबर चालत गेली.

हेइझोने तिला बंगल्यावर राहा म्हणून निरोप धाडला. तिने उलट निरोप दिला, "तुमचं पान वाढत बसले तर तुमच्याशी भांडू कधी?" आणि ती गावी परत आली. तिला वाटलं होतं, आपला माणूस बसला म्हणजे झालं. पण गव्हर्नर आपला झाला तरी तिजोरी टोकियोचीच होती. हेइझो दर महिन्याला टोकियोला जायचा आणि रिकाम्या हाताने यायचा. हे मावशीला पटेना. ती नदीकाठच्या बायका जमवून दर बाजाराच्या दिवशी त्याच्या दारात जाऊन बसायला लागली. कचेरीत नाही, घरी. त्याची बायको त्यांना चहा द्यायची आणि आत जाऊन नवऱ्याला झापायची. एकदा तो मागच्या दाराने निघून जाताना मावशीने त्याला गल्लीत गाठलं.

"जुन्या साहेबांना तुम्ही चहा ओतत होता," तो म्हणाला, "आणि माझं मात्र रक्त आटवता."

"त्यांना माझं मत लागत नव्हतं ना."

अखेर टोकियोने पैसे सोडले आणि दुसऱ्या निवडणुकीच्या आधी नदीत खांब उभे राहिले. खांब नदीत, मतं पदरात, असं लोक चेष्टेत म्हणायचे. हेइझो पुन्हा निवडून आला आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने पूल पुरा झाला. त्याच्या चुलतभावाला पुलावर कर वसूल करायची नोकरी हवी होती, ती मिळाली नाही. त्याने नाव विकली आणि भावाशी बोलणं टाकलं.

पुलाच्या उद्घाटनाला मी मावशीला हात धरून नेलं. बँड होता, फिती होत्या, हेइझोचं भाषण बराच वेळ चाललं. लोक पलीकडे निघाले तशी ती मधोमध थांबली, कठड्यावरून खाली बघितलं आणि म्हणाली, "तुझी आई आज पन्नाशीची असती." मग गर्दीच्या उलट दिशेने, लोकांना धक्के देत, गावाकडे परतली. मला वाटलं, आता तरी ती निवांत होईल. तसं काही झालं नाही. पुलावरून बस सुरू झाली आणि त्याच बसने गावची तरणी मुलं कारखान्यांकडे निघून गेली. माझ्या वर्गातली बाकं रिकामी होत गेली. मावशी पुलाच्या तोंडाशी उभी राहून जाणाऱ्यांना हटकायची, परत कधी येणार म्हणून विचारायची, आणि घरी येऊन माझ्यावर चिडचिड करायची.

तिसऱ्या वेळी हेइझो हरला. शहरातला एक तरुण वकील निवडून आला. निकालानंतर थोड्या दिवसांनी मावशी मला म्हणाली, चल, हेइझोकडे जाऊन येऊ. त्याच्या दाराबाहेर पूर्वी चपलांचा ढीग असायचा. त्या दिवशी एकही जोड नव्हता. तो अंगणात कोबी लावत होता. आम्हाला बघून हात झटकत उठला.

"आता काय पाहिजे, इनेबाई? आता माझ्याकडे काही नाही."

"काही नको. बसायला आलेय."

त्याने ओसरीवर बसायला गाद्या टाकल्या, बायकोला हाक मारली. चहा आला. दोघं कोबीबद्दल बोलले, गुडघ्यांबद्दल बोलले. मावशीने त्याला विचारलं, आता टोकियोला जाणार का मुलाकडे? तो म्हणाला, कशाला? कोबी कोण बघणार?

मावशीने मान हलवली, चहा संपवला, आणि कप खाली ठेवता ठेवता उठली. इतक्यात निघालात, असं हेइझोची बायको म्हणाली. मावशी चपला शोधत होती. नवे गव्हर्नर दुपारी कचेरीत बायकांचं म्हणणं ऐकून घेणार आहेत, असं तिला बसमध्ये कळलं होतं, आणि पुढची रांग मिळायला हवी होती.