माझी काडतुसं कोणी बदलली?

आज शनिवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, आयर्लंडमधल्या किलकेनीजवळच्या आमच्या पिस्तूल क्लबात, माझा काडतुसांचा डबा बदलला गेला.

आमच्याकडे काडतुसं घरी दारू भरून बनवायला परवानगी नाही. म्हणून कारखान्यात वेगवेगळ्या वेळी बनलेल्या सहा लॉटमधली काडतुसं झाडून बघून माझ्या पिस्तुलाला मानवणारा एक लॉट मी निवडला होता. पुढच्या रविवारच्या निवड-सामन्यासाठी त्यातला हा शेवटचा डबा उरला होता.

टार्गेट लावून परत आले, सरावाला डब्यातल्या दहाच गोळ्या झाडल्या. एरवी नाण्याखाली झाकली जातात ती भोकं बशीभर पसरली. डबा उलटून पाहिला. ब्रँड तोच, लॉट नंबर वेगळा, आणि झाकणाच्या आत माझं नाव नाही. वस्तूवर नाव घालायची सवय मला कॉन्व्हेंटच्या नन्सनी लावली आहे.

शेजारच्या लेनमधले आपल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी नीलेश म्हणाले, "काकू, सगळी सारखीच असतात हो. वयानुसार हात थरथरतो."

"हात थरथरला असेल. नाव कसं पुसलं गेलं?"

ते हसले आणि आपला डबा बॅगेत टाकला. त्यांचं पिस्तूल माझ्यासारखंच आहे, आज त्यांची भोकं नाण्याएवढी होती, आणि संघातल्या एका जागेसाठी आम्ही दोघंच उरलो आहोत.

नीलेश, तुम्हीही मंडळाच्या या ग्रुपवर आहात. तुम्ही बॅगेत टाकलेल्या त्या डब्याच्या झाकणाचा आतून काढलेला फोटो आणि लेखी उत्तर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत इथेच टाका.