भुसा धुवायचं पाणी

लाकूड पातळ होतं, यावर माझा विश्वास नव्हता. म्हणजे पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण विश्वास वेगळा. चेन्नईच्या गिंडी भागातल्या त्या लहानशा शेडमध्ये आम्ही दोघीच होतो, मी आणि अक्का. अक्का तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या, निवृत्तीला टेकलेल्या. सुरूच्या झाडांच्या टाकाऊ फांद्यांपासून गाडीत घालायचं इंधन काढायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा ध्यास. फांद्यांचा भुसा आम्लाच्या पाण्यात वाफवायचा, धुवायचा, मग त्यात एन्झाइम घालायचं. ते लाकडाची साखर करतं आणि यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल.

दोनदा डाव फसला. एन्झाइम घालूनही पिंपातला लगदा ढिम्म. शेड आणि खर्च देणाऱ्या मालकांनी सांगून टाकलं, आता एकदाच. नाही जमलं तर शेड रिकामी करा. त्या दिवशी अक्कांनी डबा न उघडताच परत नेला. मला फार वाईट वाटलं.

मग एका सकाळी त्यांनी धुतलेला भुसा मुठीत करकचून पिळला आणि त्या पाण्यात लिटमसचा निळा कागद बुडवला. लालभडक! घोळ आमच्याच हाडात होता. मी लातूरची, त्या जन्मभर चेन्नईत. टँकरची वाट बघत वाढलेल्या बाया आम्ही, भाजी धुतलेलं पाणीसुद्धा कुंडीत ओतणाऱ्या. ठरल्याच्या निम्म्या पाण्यात भुसा धुणं उरकत होतो, वर एकमेकींचं कौतुक! आम्ल आतच राहत होतं आणि बिचारं एन्झाइम मरत होतं.

शेवटच्या खेपेला नळ पुरता सोडला. एवढं पाणी गटारात जाताना बघणं माझ्या जिवावर आलं; अक्कांनी तर तोंडच फिरवलं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये शिरले तर पिंपाचा आवाज बदललेला. काल घट्ट पिठल्यात अडकावी तशी कण्हणारी ढवळणी आज डुबुकडुबुक करत होती. झाकण काढलं. ताकासारखं पातळ! ना करवत, ना जाळ. डोळ्यांना न दिसणाऱ्या कशानं तरी अख्ख्या झाडाची गाठ सोडवून ठेवली होती. माझ्या अंगावर काटा आला. कितीतरी वेळ मी नुसती बघत राहिले.

पुढे यीस्टनं आपलं काम केलं, आम्ही उकळून वाफ थंड केली आणि वाटीभर अल्कोहोल हाती आलं. मालकांसमोर अक्कांनी काडी लावली. निळी ज्योत, दिसेल न दिसेल अशी. काम चालू ठेवा, एवढं म्हणून मालक फोनवर बोलत बाहेर गेले.

अक्कांनी मात्र स्टीलचं कोरडं झाकण त्या ज्योतीवर तिरकं धरलं. त्यावर आधी धुकं धरलं, मग थेंब जमला. अल्कोहोल जळताना पाणी तयार होतं, हेही मी परीक्षेत लिहिलं होतं. अक्कांचे डोळे भरून आले.

“बघ,” त्या म्हणाल्या, “थोडं पाणी परत दिलं की त्यानं.”

आणि सवयीनं तो थेंब त्यांनी खिडकीतल्या कुंडीत झटकला.