घंटेला विचार

ती दुपार मला आजही मिनिटांसकट आठवते. मिनिटांसकट म्हणतो, कारण त्या दिवसाची स्टेशन डायरी मी स्वतः लिहिली होती. माझ्या नोकरीतली सर्वांत लाजिरवाणी नोंद आणि सर्वांत आनंदाची नोंद त्यात एकाच पानावर आहे.

काळ नव्वदच्या दशकाच्या मधला. बडोद्यात नव्या मोटारी दिसू लागल्या होत्या, तरी निम्मं शहर स्कूटरवरच फिरत होतं. मी फतेगंजच्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. आमचं घर मराठी. आजोबा संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले आणि इथलेच झाले. ठाण्यातला व्यवहार अर्थात गुजरातीत चाले.

त्या सुमारास शहरातल्या लहान देवळांतून पितळी घंटा चोरीला जात होत्या. आमच्याकडे पाच तक्रारी होत्या. देवळातली घंटा गेली की लोक जितके चिडतात तितके घरातलं पातेलं गेल्यावर चिडत नाहीत, त्यामुळे रोज कोणी ना कोणी ठाण्यात येऊन आम्हाला ऐकवून जाई. कार्तिकी एकादशीच्या सकाळी खबऱ्याने निरोप दिला: पन्नाशी उलटलेला माणूस, राखाडी स्कूटर, आज दुपारी पाणीगेटकडून घंटा घेऊन फतेगंजच्या नाक्यावरून जाणार.

एक वाजता मी नाकाबंदी लावली. सोबत जमादार होता, पक्का बडोदेकर गुजराती आणि जिभेने तिखट. सव्वा तासात आम्ही एकेचाळीस वाहनं थांबवली. बेचाळिसावी स्कूटर राखाडी होती. चालवणारे साठीच्या आतबाहेरचे गृहस्थ, पांढरा सदरा, कपाळावर बुक्का. पायाशी, फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. जमादाराने कागद बाजूला केला. आत पितळी घंटा.

"ही कुणाची?" मी विचारलं.

गृहस्थांनी खिशातून प्लास्टिकचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. आत परवाना, स्कूटरचं नोंदणीपुस्तक, विम्याचा कागद. तिन्ही मुदतीत, तिन्ही त्यांच्याच नावावर. आडनाव मराठी. पाकिटाच्या वरच्या कप्प्यात एक कार्ड होतं, वळणदार अक्षरात, मराठी आणि गुजराती दोन्हींत लिहिलेलं:

"आज माझे काष्ठमौन आहे. लिहून किंवा खुणेनेही काही सांगणार नाही. वाहनाची आवश्यक कागदपत्रे सोबत आहेत, ती पाहावीत. त्याउपर कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देण्यास मी बांधील नाही."

शेवटचं वाक्य वाचून माझं डोकं फिरलं. नाक्यावर थांबवलेला माणूस एक तर गयावया करतो, नाही तर ओळखी सांगतो. हा मला कायदा शिकवत होता, तोही आधीपासून लिहून ठेवलेला. म्हणजे तयारीचा गडी, असं मी ठरवून टाकलं.

घंटा नीट पाहिली तर संशय आणखी बळावला. कडेला एका जागी अक्षरं कानशीने घासून काढलेली होती. त्याच्या शेजारी एका बाईचं नाव कोरलेलं, इतकं ताजं की खाचेतलं पितळ चमकत होतं. दात्याचं नाव पुसून खोटं नाव घातलंय, असा मी अर्थ लावला. दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्यांना ठाण्यात आणून बसवलं.

मग विचारपूस सुरू झाली. घंटा कुठून आणली? नाव का घासलं? कुणाला विकणार? एकूण तेवीस प्रश्न मी मराठीत विचारले आणि तेच पुन्हा गुजरातीत. गृहस्थ माझ्याकडे शांतपणे पाहत होते. फक्त मधूनमधून त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाई, आणि दर खेपेला चेहरा थोडा अधिक ओढलेला दिसे.

जमादार वाकून म्हणाला, "काका, जीभ घेर मूकीने आव्या छो के शुं?"

जीभ खरंच घरी ठेवून आल्यासारखे काका घड्याळाकडे बघत राहिले.

"साहेब, आ माणस बहु पक्को छे. चा पण पीतो नथी."

चहा खरंच तसाच निवला होता. मी डायरीत लिहिलं: 'संशयिताने चहा नाकारला.' आज त्या नोंदीची मला लाज वाटते, कारण ती लिहून झाल्यावर मी माझा डबा उघडला आणि आत साबुदाण्याची खिचडी होती. आईने सकाळी बजावलं होतं, आज मोठी एकादशी आहे, बाहेरचं खाऊ नकोस. मी काकांसमोर बसून खिचडी खाल्ली. काका डब्याकडे पाहून चक्क हसले, अगदी घरातल्या माणसासारखे. मला वाटलं, निर्ढावलेला आहे. एकादशीची खिचडी तोंडात आणि समोर बुक्का लावलेला मौनी माणूस. तरी मराठी घरात वाढलेल्या फौजदाराच्या डोक्यात उजेड पडला नाही.

तीन पस्तीसला आमचे निरीक्षक आले. साहेब सौराष्ट्रातले. आमचं बोलणं गुजरातीत झालं, ते मराठीत देतो.

"कागद दाखवले त्यांनी?"

"हो साहेब, तिन्ही."

"नाव-पत्ता?"

"परवान्यावर आहे."

"मग गुन्हा काय?"

"बोलत नाही, साहेब."

"हे कितवं कलम रे?"

जमादार खिडकीबाहेर बघू लागला.

साहेबांनी कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "याच्यात चुकीचं काय आहे ते दाखव. रस्त्यावर थांबवलं तर कागद दाखवणं त्याला भाग आहे. ते त्याने केलं. ज्याच्यावर आपण चोरीचा संशय घेतो, त्याला स्वतःविरुद्ध बोलायला लावता येत नाही. ते राज्यघटनेत लिहिलंय आणि तू परीक्षेत पास झालायस. घंटा संशयास्पद वाटली, ठीक, चौकशी कर. पण तासभर तू ज्याला बोलायचं नाही त्याला विचारतोयस. घंटेला विचार."

घंटेला विचारायचं म्हणजे काय, हे मला तिथे बसून कळलं नाही, पण कान लाल झाले होते म्हणून मी घंटा उचलली. तिच्याभोवतीचं वर्तमानपत्र पाहिलं. त्याच दिवशी सकाळचं. चोरीची शेवटची तक्रार नऊ दिवसांपूर्वीची होती. घंटा उलटी केली. आत खडूने आकडा होता: २-४००. वजन, दोन किलो चारशे ग्रॅम. चोर घंटेच्या पोटात वजन कशाला लिहील? ते दुकानदार लिहितो. गेला तासभर ही घंटा माझ्या टेबलावर होती आणि मी ती एकदाही उलटी करून पाहिली नव्हती.

जमादाराला घेऊन मी पाणीगेटला गेलो. पितळेची भांडी घडवणाऱ्या कंसाऱ्यांची दुकानं तिथे ओळीने होती. पहिल्या दोघांनी माना हलवल्या. तिसऱ्याने खडूचा आकडा पाहिला आणि म्हणाला, "आ तो मारा अक्षर छे!"

"कुणाला विकली?"

"पेला काका, बोलता नथी ए. चार वार आव्या, चारे वार मूंगा. स्लेट पर लखे. आजे तो स्लेट पण नहीं."

"आणि हे नाव कुणी घासलं?"

कंसारा हसायला लागला. "में. रिवाज प्रमाणे एमनुं नाम कोतर्युं. काकाए स्लेट पर लख्युं, मारुं नहीं, एनुं."

"कोनुं?" जमादाराने विचारलं.

"घरवाळीनुं, बीजा कोनुं?" म्हणजे रिवाजाप्रमाणे आधी काकांचं नाव कोरलं होतं, ते घासून त्याने बायकोचं घातलं होतं.

बिल का दिलं नाही, असं मी दरडावलं. तो म्हणाला, सणाच्या दिवशी एवढी गर्दी, आणि काकांनी मागितलं नाही. "मागे कई रीते, साहेब? बोलता नथी ने!"

ठाण्यात परतलो तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती. दाराबाहेरच आवाज ऐकू आला. आत एक काकू उभ्या होत्या, नऊवारी नेसलेल्या, हातात पूजेचं ताट, आणि त्या बोलत होत्या. थोड्या घोगऱ्या आवाजात, पण न थांबता.

"घंटा आणायला गेलात की ओतायला, म्हणून मी दारात उभी! शेजारीण सांगते, तुमची स्कूटर पोलीस ठाण्यात दिसली. मी म्हटलं, शक्य नाही, हे सिग्नलला रस्ता मोकळा असला तरी थांबतात." मग माझ्याकडे वळून, "तुम्हीच का ते फौजदार? मराठी ना तुम्ही? कपाळावरचा बुक्का दिसला नाही? आज तिथी कोणती ते आईने सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

"मग?"

मी टोपी सारखी केली. जमादार पुटपुटला, "साहेबने पण मौन छे."

काकूंनी सगळं सांगितलं. आषाढात त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, आवाज परत येईल की नाही, सांगता येत नाही. घरी दोघंच. काका आयुष्यभर कोर्टात कारकून, दिवसभर लोकांचे जबाब ऐकायचे आणि घरी येऊन बायकोला सांगायचे. तिला बोलता येत नाही म्हटल्यावर त्यांनी चातुर्मासाचा नेम धरला: हिचा आवाज परत यावा म्हणून कार्तिकीपर्यंत स्वतःही बोलायचं नाही. दोघं एका पाटीवर लिहून बोलत.

"दसऱ्याच्या आधी माझा आवाज आला," काकू म्हणाल्या. "म्हटलं, झालं आता, बोला की! पाटीवर लिहिलं, 'नेम म्हणजे नेम.' तेव्हापासून घरात मी एकटीच बोलतेय. सुरुवातीला मजा वाटली हो. पण भिंतीशी किती भांडायचं?"

जमादार डोळे पुसत होता. हसून की कसं, ते मी विचारलं नाही.

"आज शेवटचा दिवस म्हणून पाटीही बंद. मौनाच्या उद्यापनाला देवाला घंटा द्यायची असते. दिवेलागणीला ती वाजवायची आणि मग बोलायचं. पहिला शब्द माझ्यासाठी राखून ठेवलाय यांनी, पाटीवर लिहून दिलंय मला. चार महिने मी वाट पाहतेय त्या एका शब्दाची, आणि तो तुम्हाला हवा होता जबाबात!"

काका घड्याळाकडे पाहत होते. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा लागला. त्यांना भीती माझी नव्हती. माझ्या तेवीस प्रश्नांपैकी एकाला जरी चुकून 'हो' निघून गेलं असतं, तर चार महिने वाया गेले असते आणि बायकोचा शब्द माझ्या डायरीत जमा झाला असता.

पाच बावीसला मी घंटा पावतीवर परत केली आणि डायरीच्या त्याच पानावर आनंदाने तशी नोंद केली. काकांनी पावती पूर्ण वाचली, मगच सही केली. साहेबांनी जीपची किल्ली माझ्याकडे फेकली. "पोचव. सायरन लावू नकोस, त्यांचं मौन आहे."

देऊळ दीड किलोमीटरवर. स्कूटर जमादाराने मागून आणली. काकू पुढे बसून बोलत होत्या, काका मागे घंटा मांडीवर घेऊन. पाच बेचाळीसला पुजाऱ्यांनी घंटा साखळीला अडकवली. समईची वात पेटली. काकांनी टोल दिला. देऊळ लहान, त्यामुळे तो नाद बराच वेळ भिंतींतच फिरत राहिला. मग काकांनी घसा खाकरला. जमलेली वीसेक माणसं पुढे सरकली. आवाज गंजल्यासारखा निघाला, पण निघाला तो उखाणाच. अर्धा आधीपासून पाठ असेल, अर्धा ठाण्यात बसून जुळवला असणार:

"फौजदाराने दटावलं तरी शब्द नाही फुटला,
...चं नाव घेतलं आणि चातुर्मासाचा नेम सुटला."

गाळलेल्या जागी काकूंचं नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही. घंटेवर आहे, ज्याला पाहायचं त्याने पाहावं. काकू तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "एवढ्यासाठी चार महिने!" आणि सगळं देऊळ हसलं.

काकांचा दुसरा उद्गार माझ्यासाठी होता. प्रसाद हातावर ठेवत म्हणाले, "साहेब, तुम्ही तेवीस प्रश्न विचारलेत. चोविसावा राहिला. माझ्या स्कूटरचा मागचा दिवा आठवडाभर बंद आहे. दंड करा."

मी चाटच पडलो. नाकाबंदीत वाहनाचा दिवा पाहायचा असतो, आणि घंटेच्या नादात तो मी पाहिलाच नव्हता.

"काका, हे सांगायला तुम्ही बांधील नव्हता."

"माहीत आहे," काका म्हणाले. "कार्ड मीच लिहिलंय."

मी ताकीद दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दिवा बदलून दाखवायला ठाण्यात आले, आणि गंमत म्हणजे पाऊण तास बोलत बसले.

खरा चोर पुढच्याच आठवड्यात त्याच नाक्यावर सापडला. पन्नाशीचा, राखाडी स्कूटरवाला. त्याला मी अजून काही विचारलंही नव्हतं, तोवर त्याने घंटा कुणाची, कशी मिळाली, मामाच्या गावचं देऊळ कुठे, सगळं सांगून टाकलं. मी ऐकून घेतलं आणि घंटा उलटी केली. आतून धूर आणि तेलाची जुनी काजळी. वापरातली घंटा. उरलेलं काम एका तक्रारदार पुजाऱ्याने ती आपल्या देवळातली म्हणून ओळखून केलं.

त्यानंतर एकोणीस वर्षं नोकरी केली. गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे आणि भडाभडा बोलणं म्हणजे निर्दोष असणं नव्हे, एवढं मी त्या आठवड्यात शिकलो. एकादशीची खिचडी खातानाच ते सुचायला हवं होतं. माणसाचं मौन कशासाठी असतं, हे पोलिसाला बाहेरून दिसत नाही. कुणी भीतीने गप्प असतो, कुणी वकिलाच्या सांगण्यावरून, कुणी बायकोसाठी. तो त्याचा हक्क आहे. पुरावा शोधणं हे माझं काम आहे आणि ते त्याच्या गळ्यात टाकता येत नाही.

ते कार्ड काकांनी मला देऊन टाकलं. "आता मला लागणार नाही," म्हणाले, "तुम्हाला लागेल." प्रत्येक बदलीत मी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं. नवा फौजदार आला की वाचायचा आणि कपाळाला आठी घालून विचारायचा, "पण साहेब, असा माणूस समोर आला तर विचारायचं कुणाला?"

मी टेबलावर जी कुठली वस्तू असेल ती त्याच्यापुढे उलटी करून ठेवायचो.