उघड्यावरची चूल

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. राजापेठेत माझा ट्यूशन क्लास आहे, अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, आणि अंगात येणाऱ्या बायांशी तोंडावर भांडलेली आहे. त्यामुळे हे लिहायला लाजच वाटतेय. पण घरी नवरा म्हणतो, तू थकली होतीस... म्हणून इथे लिहिते. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं.

अकोल्याकडचं, पूर्णेच्या काठावरचं गाव. नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांनी आधीच पुष्कळ सोसलंय. पावसाळ्यात रातोरात पाणी शिरलं आणि खालची आळी वाहून गेली. आमचा अमरावतीचा ग्रुप – मेडिकलवाले संजूभाऊ, काही शिक्षक आणि मी – टेम्पो भरून गेलो. लोकांनी दिलेल्या गाठोड्यांतून जरीचे ब्लाऊज आणि लग्नातले कोट निघाले! गावाला हवं होतं कोरडं सरपण, ताडपत्री आणि विहिरी उपसायला मोटर. बिस्किटांचे पुडे तर एवढे आले होते की लेकरंसुद्धा नको म्हणायला लागली.

सामान आम्ही चुलीमागे एक असं वाटत होतो. एका छपराखाली दोन भाऊ वेगळे असले तर दोन चुली, दोन वाटे – हे तिथल्या बायांनीच आम्हाला शिकवलं. आमची विचारपूस चालली असताना शाळेत आसऱ्याला असलेले नामदेवकाका म्हणाले, घर गेलं पण माझी चूल शाबूत आहे. काकांचा नदीकाठी वांगी-मेथीचा मळा होता. त्यांची बायको, विमलकाकू, पुरात गेली ती सापडलीच नव्हती. बायांनी मला बाजूला घेऊन सांगितलं – हा माणूस रोज सकाळी त्या चुलीपाशी जाऊन बसतो, म्हणतो ती गरम असते. पार खचलाय बिचारा.

त्याच दुपारी वरच्या धरणाचं पाणी सोडणार होते. अख्खं गाव तालुक्याच्या कॉलेजात हलवायचं होतं. सगळे निघाले, काका काही हलेनात. आधी माझ्यासोबत येऊन चुलीला हात लावा, मग बोला, एवढंच म्हणायचे. संजूभाऊ म्हणाले, जाऊन या मॅडम, समजूत घाला त्यांची.

गेलो. रात्रभर पावसाने झोडपलं होतं, त्या दिवशी काकाही अजून तिकडे गेले नव्हते. भिंती नाहीत, छप्पर नाही, सगळीकडे सपाट गाळ... आणि त्या गाळावर आमच्याआधीचं एकही पाऊल नव्हतं. मधोमध चूल. ताजी पोतारलेली. बायका सकाळी पांढऱ्या मातीचा हात फिरवतात ना, तशी. बोटांचे फराटे अजून ओले होते. मी आत हात घातला. राख कोरडी होती आणि इतकी गरम की चटका बसला. भीती नंतर वाटली, आधी रडू आलं.

"खरं सांगजा मॅडम. मी येडा झालो काय?"

"नाही काका. गरम आहे."

काका मटकन खाली बसले. म्हणाले, काल भाकरीचा वासही आला होता. विमल उद्याही येणार, मग मी कसा येऊ तुमच्यासोबत?

शेवटी संजूभाऊ आणखी दोघांना घेऊन आले आणि काकांना उचलून टेम्पोत घातलं. जिवंत माणूस आधी, असं भाऊ म्हणाले, आणि ते चूक नव्हतंच. काका ओरडले नाहीत की भांडले नाहीत, फक्त मागे बघत राहिले. संध्याकाळपर्यंत ती सगळी जागा पाण्याखाली गेली. चुलीचं ढेकूळही उरलं नाही.

नंतर आमचे व्हिडिओ फिरले, हारतुरे झाले. हळूहळू टेम्पो जायचे बंद झाले. दिवाळीनंतर त्या गावाकडे कुणी फिरकलं नाही. मी अधूनमधून जाते. काका टिनाच्या खोलीत राहतात. कुणीतरी दिलेली गॅसची शेगडी खोक्यातच पडून आहे. शेजारीण डबा देते, तो अर्धा परत जातो. एका समुपदेशक बाईंना घेऊन गेले होते. काका त्यांच्याशी नीट बोलले, शेजारून चहा मागवून पाजला. फरक काडीचा पडला नाही.

नवरा अजून भासच म्हणतो. बोटावरच्या फोडाला मलम मात्र त्यानेच लावलं होतं.

मागच्या खेपेला मी काकांना म्हटलं, तुमचा जीव तर वाचला ना. ते रागावले नाहीत. नदीकडे बघत म्हणाले,

"तुमी मले वाचवलं, बरोबर केलं. पन थे येत असन ना सकाळी... चूल नाई, मी नाई. मी कुठी गेलो म्हून कोनाले पुसन थे?"

चूल कशी गरम होती ते मला आजही सांगता येत नाही... आणि काकांना द्यायला तर माझ्याकडे काहीच नाही.