एस्टरला तळ्यावर कोण भेटायचं?

या सदरातले अनुभव मी ऑफिसात डबा खाताना वाचते आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसते. अंगात येणं, स्वप्नात येऊन सांगणं... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. आताही 'आहे' असं म्हणवत नाही. पण मागच्या हिवाळ्यात जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

आम्ही नागपूरला नंदनवनात राहतो — मी आणि हे. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी, त्यामुळे वरची खोली रिकामी. ह्यांच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी विचारलं, हंगेरीची एक मुलगी पीएचडीच्या कामाला काही महिने येते आहे, शहरातल्या तलावांच्या पाण्यावर तिचं संशोधन आहे, घरगुती जागा मिळेल का? आम्ही हो म्हटलं.

एस्टर आली ती ऑक्टोबरच्या उन्हात. उंच, सडपातळ, पाठीवर तिच्याएवढीच बॅग. सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. पोट बिघडलं. रस्ता ओलांडता येईना. गल्लीतली कुत्री तिच्यामागे, आणि माणसं टक लावून बघत. बादली-मग्ग्याने आंघोळ कशी करायची हे मी हातवारे करून शिकवलं, तेव्हा हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कॉलेजात तिचा परवानगीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. एका संध्याकाळी ती जिन्यात बसून रडताना दिसली. परतीचं तिकीट बघते आहे म्हणाली. माझं इंग्रजी ऑफिसपुरतं... मी नुसता डोक्यावरून हात फिरवला आणि वरणभात वाढला.

तरी सकाळी ती सक्करदऱ्याच्या तलावावर जायची, बाटल्यांमध्ये पाणी भरून आणायला. तेवढं काम तिने सोडलं नाही.

आणि मग ती हळूहळू बदलली. भाजीवाल्याशी घासाघीस करू लागली. तर्री-पोहे खाऊन नाक पुसत 'अजून' म्हणू लागली. एक दिवस मी ऑफिसातून आले तर दारातच मला म्हणते,

"काहून वं आंटी, थकली काय?"

मी हसत सुटले. आमच्या घरात असं वऱ्हाडी कोणी बोलत नाही. ह्यांची भाषा पुस्तकी, माझीही नोकरीत तशीच झालेली. तुला हे कोण शिकवतं, विचारलं. ती म्हणाली, तलावावरची ताई. रोज भेटते. हिरवं लुगडं नेसलेली, म्हातारी, फार बोलकी. तिला इंग्रजीचा शब्द येत नाही. ती एकेक वस्तू दाखवते, नाव सांगते आणि हिच्याकडून म्हणवून घेते. चुकलं की टपली मारते. या ताईमुळेच मी राहिले, असंही एस्टर म्हणाली. मला वाटलं, असेल कोणी फुलं विकणारी नाहीतर फिरायला येणारी. मनातल्या मनात तिचे आभार मानले.

आता माझ्या बहिणीबद्दल सांगते. कुसुमताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. आई लवकर गेली, मला तिनेच वाढवलं. ती हुडकेश्वरला राहते, मुलगा प्रशांत आणि सून यांच्याजवळ. दीड-दोन वर्षांपूर्वी तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हापासून अंथरुणावर. तिला किती कळतं हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नव्हतं. मी दर रविवारी जायचे. उशाशी बसायचे. आधी बोलायचे तिच्याशी, पण समोरून काहीच येत नाही म्हटल्यावर बोलणं आपोआप कमी झालं. मग आम्ही तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायचो... जणू ती खोलीत नाहीच.

जानेवारीत एका रविवारी प्रशांतच्या बायकोने वडाभाताचा बेत केला आणि एस्टरलाही बोलावलं. एस्टर त्या घरी पहिल्यांदाच येत होती. माझी बहीण आजारी आहे, एवढंच मी तिला सांगितलं होतं.

आत गेलो. ताईच्या खोलीच्या दारात एस्टर थबकली. मग "ताई!" म्हणून सरळ पलंगाजवळ गेली, तिचा हात हातात घेतला आणि वळून मला इंग्रजीत विचारू लागली — हिला काय झालं? शुक्रवारी तर चांगली होती. माझ्यासोबत तलावाला अख्खी चक्कर मारली.

मला वाटलं, माझंच इंग्रजी चुकतंय. प्रशांतने ऐकलं आणि तो हळूच म्हणाला, "मावशी, हे काय म्हणून राहिली? आई तर दोन वर्षांपासून उठली नाही."

ते मी तिला सांगितलं. तिचा विश्वास बसेना. आधी ती रागावली, आम्ही तिची थट्टा करतो आहोत असं वाटलं तिला. मग ताईच्या वाळलेल्या पायांकडे नजर गेली आणि ती पांढरीफटक पडली. ताई तिच्याकडे बघत होती. डावा डोळा भरून वाहत होता... पण तो तसा एरवीही कधीकधी वाहायचा, म्हणून त्यावरून मी काही म्हणणार नाही. त्या दिवशी कोणीच नीट जेवलं नाही.

घरी आल्यावर एस्टर स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभी राहिली. म्हणाली, ताईने शुक्रवारी मला एक वाक्य पाठ करायला लावलं होतं. पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. अर्थ मला कळला नाही, रोजच्यासारखा धडा असेल असं वाटलं. मग तिने ते म्हणून दाखवलं. उच्चार तिचे वाकडेतिकडे, पण हेल... तो हेल मी लहानपणापासून ऐकला आहे.

"ठमीले सांग, मले सगळं समजून राहिलं."

हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. माझं नाव वंदना. मला ठमी फक्त ताईच म्हणायची, तेही दोघीच असताना. ह्यांनाही ते नाव ठाऊक नव्हतं. एस्टर विचारत होती, ठमी म्हणजे काय? मी तिथेच ओट्याला टेकून रडले.

हे म्हणतात, तूच कधीतरी बोलून गेली असशील, पोरीच्या कानावर पडलं असेल. असेलही. तळ्यावरची बाई ताईसारखी दिसणारी दुसरीच कोणी असेल, हेही मी धरून बघितलं. एस्टरबरोबर कितीतरी सकाळी तिथे गेले. हिरव्या लुगड्यातली कोणी भेटली नाही, आणि चहावाल्यालाही अशी बाई आठवत नव्हती. गोरी पोरगी एकटीच बडबडत फिरते, एवढंच तो म्हणाला. त्या रविवारनंतर एस्टरलाही ती दिसली नाही. आणखी एक गोष्ट मला कळत नाही. ताई धडधाकट असताना कधी फिरायला गेली नाही. सकाळी फिरणाऱ्यांना ती हसायची.

पुढच्या रविवारी मी ताईजवळ दार लावून बसले. म्हटलं, ताई, निरोप मिळाला मले. समजत असेल तर डोळे मीट. तिने मिटले. मग मी खूप काही विचारलं, आणि कळतं तिला, सगळं कळतं. आता प्रशांतही तिला विचारल्याशिवाय घरात काही करत नाही. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटमध्ये असू शकतं, आमच्याकडून हे आधी बघायचं राहिलं.

पण "तळ्यावर तू होती काय?" असं विचारलं की ती नुसती माझ्याकडे बघत राहते. डोळे मिटत नाही, नजरही हटवत नाही.

एस्टर एप्रिलमध्ये परत गेली. जाताना ताईला भेटून आली. तिचा फोन येतो अधूनमधून, आणि दोघीही हा विषय काढत नाही.

कोणाला उत्तर माहीत असेल तर जरूर सांगा. माझ्याकडे नाही. मला एकच गोष्ट राहून राहून टोचते... निरोप माझ्यासाठी होता. मग ती परक्या मुलुखातल्या पोरीला काहून भेटली? मी तर दर रविवारी तिच्या उशाशीच बसत होते.