भिंतीवरून पडणारा उजेड

थोरलीला जगात कुणाचं वाईट व्हावं असं कधी वाटलं नाही. फक्त धाकट्या जावेचं आपल्यापेक्षा बरं होऊ नये, एवढीच तिची माफक अपेक्षा होती, आणि ती काही पुरी होत नव्हती. धाकटीचा आवाज गोड. धाकटीच्या कुंडीतली रोपं तरारायची, थोरलीची माना टाकायची. पाहुणे थोरलीकडे उतरायचे आणि गप्पा मारायला धाकटीकडे जायचे.

मागे कधीतरी दोघे भाऊ भांडले. कशावरून ते आता त्यांनाही धड सांगता येत नाही. पण त्या रागात स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत उभी राहिली. छत कुठल्या कुठे उंच. गवंड्यानं डोक्याच्या वर हातभर भिंत नेली आणि पुढं परांची लागेल म्हणून हात टेकले. भिंत तिथंच थांबली. भाऊ यथावकाश बोलू लागले. जावांचा अबोला मात्र राहिला. वरच्या मोकळ्या जागेतून पलीकडचं हसणं यायचं, आणि थोरली तिकडे कान ठेवून कांदा चिरायची.

मग धाकटीनं वायरमनकडून छताचे जुने दिवे काढून नवे लावून घेतले.

पहिल्याच संध्याकाळी पलीकडे बटण वाजलं आणि थोरलीच्या स्वयंपाकघरात लख्ख उजेड पडला. तिच्या पिवळट दिव्यांनी आजवर झाकलेलं सगळं उघड्यावर आलं. कोपऱ्यातली जळमटं, डब्यांवरचा चिकट थर, कढईचं काळं बूड. तिनं हट्टानं आपलेही दिवे लावले. लावले काय, न लावले काय, फरकच पडेना. थोरलीचा नुसता तिळपापड झाला.

तेवढ्यात नवरा पाणी प्यायला आला. वर बघून म्हणाला, "बरं झालं की. आता आपल्याला लावायलाच नकोत."

"तुम्ही पाणी प्या आणि बाहेर जा," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच वायरमनला बोलावलं.

"तिकडे किती लावलेस?"

"चार."

"इकडे सहा लाव. आणि तिच्यापेक्षा लख्ख."

"मोठ्या वहिनी, सगळा उजेड भिंतीवरून तिकडे जाईल."

"जाऊ दे. जायलाच हवा."

वायरमन उंच शिडी लावून चढला. जुन्या दिव्यांचे स्क्रू गंजून बसले होते. ओढले तर गिलाव्याचे पोपडे सुटून खाली आले. दिवे निघाले, पण नवे बसवायला छत धड राहिलं नाही. "आधी गिलावा करायला हवा. उद्या येतो," म्हणून त्यानं शिडी भिंतीला टेकवली आणि तो गेला. वर नुसत्या वायरी लोंबत राहिल्या.

संध्याकाळी थोरलीनं ओट्यावर मेणबत्ती लावली. तिच्या उजेडात दुसऱ्याचे उपकार नव्हते. पण पलीकडे बटण वाजलं आणि मेणबत्ती अगदी केविलवाणी दिसू लागली. थोरलीनं ती फुंकली आणि तोंड पाडून धाकटीच्या उजेडात स्वयंपाक केला.

जेवणं झाली. धाकटीची भांडी नेहमीच आधी आटपायची आणि मागोमाग तिचे दिवे जायचे. पलीकडचा नळ बंद झालेला ऐकून थोरलीनं भराभर हात चालवला. जरा थांब म्हणायची तिची तयारी नव्हती. पण दिवे गेले नाहीत. दिराचा आवाज आला, "चालूच ठेवलेत दिवे?"

"असू द्या," धाकटी हळूच म्हणाली. "जाऊबाईंचे काढून ठेवलेत आज. त्यांची भांडी होऊ देत."

थोरलीचा हात थांबला. डोळ्यांत पाणी आलं. आणि पाठोपाठ तो जुना हेवाही आलाच. चांगुलपणातसुद्धा हिनंच आधी नंबर लावला. सहा दिवे लावून याची बरोबरी कशी करायची?

शेवटचं पातेलं उपडं घालून ती तशीच उभी राहिली. आटपलं हे सांगितल्याशिवाय पलीकडची बिचारी ताटकळणार होती. न सांगता निघून जाणं सोपं होतं, सवयीचंही होतं. थोरलीनं घसा खाकरला.

"झालं गं माझं. मालव आता."

 पलीकडून "बरं, जाऊबाई," असं आलं आणि दिवे गेले.

थोरली अंधारात पदराला हात पुसत राहिली. मेलीचा आवाज अजून गोडच होता.